चौथ्या आणि तिसऱ्या मजल्यामधलं गाणं

प्रिय ठेकेदार,

तू एक पान मागितलं होतंस. 'गाण्यामागची गोष्ट, एका पानात, शुक्रवारपर्यंत,' आणि वर 'तुझ्या स्वभावाप्रमाणे सात वेळा खोडत बसू नकोस' हेही. ते पान लिहून झालंय. वेगळ्या कागदावर आहे, या पत्राला मागे टाचणीने लावलंय. बरोब्बर बावीस ओळी. सातदा नाही, नऊदा खोडलं. पण ते पान तू ज्यात ड्रम वाजवतोस त्या बँडच्या रेकॉर्डच्या वेष्टनावर छापायला आहे आणि हे पत्र फक्त तुला वाचायला. तू आणखी एक गोष्ट विचारली होतीस, नव्या खोलीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवून. 'येशील ना इथे राहायला? लग्नाची तारीख सावकाश ठरवू.' मी 'बघते' म्हणाले. त्याला तीन आठवडे झाले. तू पुन्हा विचारलं नाहीस, कारण माझं 'बघते' म्हणजे घाबरत घाबरत म्हटलेलं 'हो'च, असं तू तुझ्यापुरतं ठरवून टाकलंस. पडदे कोणत्या रंगाचे हवेत हेसुद्धा विचारलंस. त्याचं उत्तर याच पत्रात आहे, पण ते गाण्याला वळसा घालून येईल. मला सरळ उडी मारता येत नाही, तुला माहीत आहे.

आईने मला तसंच शिकवलं. शाळेत अक्षरं गिरवायच्या आधी मी तिच्यासोबत लोकांच्या घरी पियानो सुरात लावायला जायचे. माझं काम म्हणजे पिशवी धरायची आणि गप्प बसून ऐकायचं. दोन तारा जवळजवळ एका सुरात आल्या की त्यांच्यामध्ये एक थरथर ऐकू येते, पाण्यावर तरंग उठावा तशी. चावी पिळत पिळत ती थरथर पूर्ण विरेपर्यंत थांबायचं नाही. मला कंटाळा यायचा. 'आई, झालं की जवळजवळ,' असं मी म्हणायचे. ती चावीवरून हात न काढता म्हणायची, 'जवळजवळ म्हणजे नाही.' तू मला 'अतीच काटेकोर' म्हणतोस, तो काटेकोरपणा तिथून आला. भित्रेपणा कुठून आला ते मात्र ठाऊक नाही. आई तर कुणाला भीत नव्हती.

गाण्याची जी गोष्ट सगळ्यांना माहीत आहे ती तुलाही पाठ आहे. बाबांनी रेडिओवर निदान पाच वेळा सांगितली. भांडण झालं, ती 'येते' म्हणाली आणि निघून गेली. ते खिडकीत बसून राहिले, आणि दूर कुठूनतरी ठोके ऐकू येत होते, जणू त्यांचंच काळीज. त्यातून 'येते म्हणालीस' हे गाणं झालं. बाबांच्या वाद्यवृंदात गाणाऱ्या भोंगाकाकांनी ते असं गायलं की तो वाद्यवृंद मोडून वीस वर्षं झाली तरी लोक त्यांना रस्त्यात अडवतात. या गोष्टीत खोटं काहीच नाही. फक्त अर्धं गाळलंय.

खरं असं झालं. मी तेव्हा जन्मले नव्हते. आई-बाबा आत्ताच्याच घरात राहायचे, पाचव्या मजल्यावर. आईला त्या सकाळी मोठ्या सभागृहातला पियानो लावायचं काम मिळालं होतं, पहिल्यांदाच. तिने ते बाबांना तीनदा सांगितलं. बाबा गिटार मांडीवर घेऊन बसले होते आणि तिन्ही वेळा 'हं' म्हणाले. मग ती भडकली. 'हं म्हणजे काय? मी काय बोलले ते सांग बरं.' बाबांना सांगता येईना. ते म्हणाले, 'थांब, ही ओळ हातातून निसटेल.' तिने पिशवी उचलली, दारात 'येते' म्हणाली, आणि दार असं आपटलं की खुंटीवरचा कोट खाली पडला. दुपारचे तीन वाजले होते. ती लिफ्टमध्ये शिरली आणि लिफ्ट चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये बंद पडली.

आमच्या इमारतीत लिफ्ट बंद पडणं ही बातमीच नव्हती. लोक मुकाट जिन्याने जायचे, आणि जिना मागच्या बाजूला, मध्ये जाड भिंत. आतली घंटा कधीचीच मुकी झाली होती. आई आधी ओरडली. मग तिच्या लक्षात आलं की लिफ्टला लागून एक लोखंडी नळ वर जातो, तो थेट आमच्या स्वयंपाकघरातून. तिने पिशवीतून तारा पिळायची चावी काढली, जाळीतून हात घातला आणि नळावर ठोकायला सुरुवात केली. आणि इथे तिची हुशारी नडली. तिला वाटलं, एकसारखं ठोकलं तर ऐकणाऱ्याला पाण्याचा पंप वाटेल, म्हणून माणूस आहे हे कळावं यासाठी मुद्दाम अडखळत ठोकूया. ठक्, ठक्, ठक्ठक्, मग श्वासभर काहीच नाही, आणि एक ठक्. पुन्हा तेच. वर बाबा खिडकीत बसले होते, ती कायमची गेली म्हणून डोळे पुसत. त्यांना तो ठेका ऐकू आला आणि ते गिटार घेऊन त्याच्या मागे मागे गेले.

तुम्ही सगळे ज्याला 'लंगडा ठेका' म्हणता, ज्याच्यावर तू मला पहिल्या भेटीत पाऊण तास व्याख्यान दिलंस, तो हा. तो लंगडा नाही. ती 'मी इथे आहे' अशी हाक होती.

साडेतीन तास. शेवटी सोडवलं ते दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी, आणि तेही भांडायला येऊन. त्यांची दुपारची झोप मोडली होती. तीन मजल्यांचा राग घेऊन त्या वर आल्या आणि दारातच सुरू झाल्या, 'अहो, माणसं राहतात इथे! दुपारपासून काय खिळे ठोकताय? घर बांधताय की काय?' बाबा हातात गिटार घेऊन उभे. 'काकू, मी नाही ठोकत.' काकू म्हणाल्या, 'मग कोण, तुमची गिटार?' आणि नेमकं तेव्हा स्वयंपाकघरातून पुन्हा आलं, ठक्, ठक्, ठक्ठक्. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आई ही गोष्ट सांगायची तेव्हा इथे थांबून जेवणाच्या टेबलावर चमच्याने तो ठेका वाजवायची, आणि आम्ही हसून हसून ताटावर पडायचो. ती बाहेर आली तेव्हा हात तेलाने काळे, आवाज बसलेला. बाबा रडले, तिला घट्ट धरलं, आणि मग त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, 'ऐक ना, काहीतरी सुचलंय.' आईने ते जिन्याच्या पायरीवर बसून ऐकलं. ऐकून झाल्यावर म्हणाली, 'तुझी तिसरी तार चढी आहे.'

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही असं घरात ठरलं होतं. ठरवलं बाबांनी. 'खिडकीवर माणसं रडतात. लिफ्टवर कोण रडणार?'

मग दुसऱ्यांनी गायलेल्या आवृत्त्या आल्या आणि आईला त्यांची फार मजा वाटायची. तिच्याकडे त्यांची अख्खी यादी होती. एक मोठी गायिका नुसत्या पियानोवर हे गाणं गायली, आठवतं? त्या दिवशी स्टुडिओतला पियानो लावायला आईच गेली होती. ती कोण हे तिथे कुणालाही ठाऊक नव्हतं, तिनेही सांगितलं नाही. त्या बाईंनी सगळे ठोके सरळ करून टाकले, मऊ, एकसारखे. आई घरी येऊन चपला काढता काढता म्हणाली, 'गोड गायली. पण तिची लिफ्ट न अडकता थेट खाली जाते.' नंतर ते नाचायचं रूप आलं, ज्यात मधल्या रिकाम्या जागी सगळे मिळून टाळी वाजवतात. लग्नांत ते वाजायचं, आणि आई टाळी न वाजवता नुसती हसायची. मी एकदा कारण विचारलं. 'तिथे मी कान लावून बसले होते गं, कुणी उत्तर देतंय का म्हणून. तिथे टाळी कशी वाजवू?' एका शाळेच्या मुलांनी समूहगान केलं, त्यात मास्तर 'एक दोन तीन, एक दोन' असं मोजताना ऐकू येतात. ते तिचं सर्वांत लाडकं. 'निदान ही मुलं कुणीतरी सांगतंय ते ऐकतायत,' म्हणायची.

आणि मग तुझं. हे प्रामाणिकपणे सांगते, कारण नाही सांगितलं तर मला झोप यायची नाही. इतक्या लोकांमध्ये तो ठेका फक्त तुला कळला. तुम्हा मंडळींच्या तालमीच्या खोलीतला तो भिकार पियानो लावायला मी आले होते, आणि तू कोपऱ्यात बसून ड्रमवर तो ठेका वाजवत होतास, पुन्हा पुन्हा. शेवटच्या ठोक्याआधीची थांबण्याची जागा तू अजिबात आखडली नाहीस. माझा हात चावीवरच राहिला. मला वाटलं, हा माणूस ऐकू शकतो. त्या एका जागेसाठी मी तुझ्या प्रेमात पडले, ठेकेदार, तुझ्या विनोदांसाठी नाही. ते बरेचसे वाईट असतात.

मला वाटलं, ज्याला ठोका कळतो त्याला ठोकणाराही कळतो. ही माझी चूक. बाबांच्या बाबतीत आईचीही झाली होती, पण तिची दुरुस्त झाली.

शेवटच्या महिन्यात दवाखान्यात आईने मला गोष्टीचा उरलेला भाग सांगितला. मी तिला खुलवायला म्हणून तिच्या खाटेच्या कडेवर तो ठेका वाजवला. ती हसली आणि मग म्हणाली, 'गाण्यात सगळं आलं. पण मी हाक मारत होते ती कुठे आहे? साडेतीन तास मी एकच नाव घेत होते. एकाही आवृत्तीत ते नाव नाही.' मी विचारलं, मग तू रागावली कशी नाहीस? हसतेस काय आयुष्यभर? ती म्हणाली, 'रागावले होते. दुसऱ्या दिवशी मला यायला दहा मिनिटं उशीर झाला, तर हा पाच मजले उतरून खाली फाटकाशी उभा. तिसऱ्या दिवशी पण. मग किती दिवस रागावणार?' तुला माहीत आहे, बाबा त्या दिवसापासून लिफ्टमध्ये पाय ठेवत नाहीत. आताची लिफ्ट नवी आहे, मजल्यांचे आकडे गोड आवाजात सांगते, पण नाही. गुडघे गेले तरी संध्याकाळी सहाला ते जिन्याने खाली जातात. आई गेल्यावरही जातात. मी हटकलं तर म्हणतात, 'पाय मोकळे करतो.'

आता ते, जे मी नऊ महिने बोलले नाही. आई गेली त्या दुपारी मी तुला पाच वेळा फोन केला. तुझं ध्वनिमुद्रण चालू होतं, फोन बंद होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही, खरंच नाही. तो तुझ्या कामाचा नियम आहे. पाचव्या वेळी मी निरोप ठेवला. 'उचल ना. ऐकतोयस ना? डॉक्टर म्हणतायत जवळच्या माणसांना बोलवा. ये ना.' संध्याकाळी सातला तू धावत आलास आणि चार दिवस माझ्याजवळून हलला नाहीस. बाबांना चहा करून दिलास, साखर विसरलास, त्यांनी तो तसाच प्यायला. ते मी कधी विसरणार नाही.

पण गेल्या महिन्यात तू मला कानांवर लावायचे हेडफोन दिलेस, डोळे मिटायला सांगितलंस आणि तुमची नवी आवृत्ती ऐकवलीस. सुरुवातीला नुसता दवाखान्यातल्या वऱ्हांड्याचा आवाज. मग मी. 'उचल ना.' ठक्. 'ऐकतोयस ना?' ठक्, ठक्ठक्. डॉक्टरांचं वाक्य तू कापलंस. मग ती थांबण्याची जागा, आणि 'ये ना', आणि त्यावर सगळी वाद्यं एकदम. मी डोळे उघडले तर तुझे भरून आले होते. तू म्हणालास, 'तुझा श्वास बघ कसा बरोब्बर ठेक्यावर पडलाय. मी काही सरकवलंसुद्धा नाही.' मी म्हणाले, 'छान आहे.' मी घाबरले होते. माझी आई जात असताना मी मारलेली हाक छान आहे, असं मी माझ्या तोंडाने म्हणाले. त्यानंतर तू किल्ली दिलीस.

तू वाईट माणूस नाहीस. हे वाक्य मी खूपदा खोडून पुन्हा लिहिलंय आणि ते खरं आहे. तुला ती भेट वाटली. बाबांनाही तर सुचलंच होतं. म्हणून मी तीन आठवडे स्वतःला समजावत राहिले, की आईने सोसलं, हसण्यावारी नेलं, मलाही जमेल. जवळजवळ जमलंही होतं.

मग गेल्या बुधवारी तू ते बाबांना पाठवलंस, कौतुकाने. मी एका शाळेच्या सभागृहात काम करत होते, यायला साडेसात झाले. बाबा फाटकाशी उभे होते. अंगात घरचा सदरा, एका पायात त्यांची चप्पल आणि दुसऱ्या पायात माझी. मला पाहिल्यावर माझे दोन्ही दंड धरले. 'कुठे होतीस? बरी आहेस ना?' मी म्हणाले, 'कामावर होते बाबा. काय झालं?' ते म्हणाले, 'तू बोलावत होतीस.' मला आधी कळेचना. मग मी समजावलं, की तो जुना निरोप आहे, त्याने गाण्याच्या सुरुवातीला घातलाय, तुम्ही पुढचं गाणं ऐकलंत ना? 'गाणं? गाणं कुठे ऐकलं मी? तू "ये ना" म्हणालीस, मी निघालो.'

पाच मजले चढायला आम्हाला अर्धा तास लागला. चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या पायरीवर ते बसले, पाय दुखतात म्हणून, आणि म्हणाले, 'मी साडेतीन तास ऐकत होतो आणि उठलो नाही, हे मी कुणालाच सांगितलं नाही. तू लिही. लिफ्टसकट लिही.' मागे टाचलेलं पान त्यांच्या संमतीने आहे. छापायचं तर पूर्ण छाप, नाहीतर मुळीच नको. आणि गाण्याच्या सुरुवातीचा माझा आवाज काढून टाक. काढशील का, असं मी विचारत नाही. काढ. तिथे रिकामी जागा राहिली तर राहू दे. तुला ती छान सांभाळता येते.

हे पत्र मी नव्या खोलीत बसून लिहिते आहे. तू येईपर्यंत मी इथे नसेन. खिडकीजवळचा पियानो मी लावून देईन असा शब्द दिला होता, म्हणून सकाळी आले आणि लावला, सगळ्या तारा, थरथर विरेपर्यंत. वरच्या सप्तकात एक तार नवी घातली आहे. नवी तार हमखास उतरते, तेव्हा पंधरा दिवसांनी कुणालातरी बोलवून ती पुन्हा लावून घे. कुणालातरी, मला नाही. किल्ली झाकणावर, या पत्राखाली आहे. हेच माझं उत्तर. मला ज्याच्यासोबत राहायचंय त्याला माझी हाक सुरात पडली की नाही हे कळलं नाही तरी चालेल, त्याच्या पायांत दोन वेगळ्या चपला असल्या तरी चालेल. आईने मला लहानपणी शिकवलं होतं, दारातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. ती स्वतः त्या दिवशी एवढ्या रागातही 'येते'च म्हणाली होती. तिला खरंच परत यायचं होतं, म्हणून. हे पत्र संपवताना माझ्याही हातून सवयीने 'येते' लिहिलं गेलं. खालचं खोडलेलं तेच आहे. ते मात्र एकदाच खोडलं.

जाते.

जवळजवळ तुझीच,
पियानो लावणारी